सशाची बंडी

आमच्या घरात मासे बायका साफ करायच्या आणि शिकार पुरुष. असं कुणी ठरवून दिलं नव्हतं, पण मोडलंही कुणी नव्हतं. मासे मागच्या पडवीत, विळीवर, शेजारी राखेची करवंटी ठेवून. शिकार खळ्याच्या पलीकडे, मांगराच्या, म्हणजे घराबाहेरच्या खोपीच्या मागे, फणसाखाली. मांजरांना आणि कुत्र्यांनाही हे ठाऊक होतं. बांगड्याचा वास आला की मांजरं मागच्या दारी जमायची, आणि अण्णा खांद्यावर बंदूक टाकून सड्यावरून उतरताना दिसले की कुत्रे कुणी न सांगता मांगराकडे जाऊन बसायचे.

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. देवगड तालुक्यात खाडीच्या काठाला आमचं घर, आणि घरामागची पाखाडी चढून गेलं की सडा, म्हणजे कातळाचं पठार. पावसाळ्यात हिरवागार, फुलांनी भरलेला, दिवाळीनंतर पिवळा, शिमग्यानंतर नुसता काळा कातळ. त्या सड्यावर ससे होते. सड्याच्या कडेला मातीचे जे तुकडे होते त्यात भात निघाल्यावर कुळीथ टाकायचे, आणि डिसेंबरात कुळथाला कोवळी पानं आली की ससे रात्री तिथे उतरायचे. अण्णांच्या बंदुकीचा परवाना शेतीसंरक्षणाचा होता. ससा शेती खातो हे खरंच होतं. पण अण्णा सशावर चिडून बंदूक उचलायचे असं मी कधी पाहिलं नाही. उचलायचे तेव्हा चांगले खुशीत असायचे.

मी तो नियम मोडला १९८६ च्या डिसेंबरात. मी बारा वर्षांची होते आणि मोडायचा माझा काही विचार नव्हता.

अण्णांची बंदूक ठासणीची. नळीत दारू, वर काथ्याचा बोळा, मग छरे, वर पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचं. त्या रात्री बार पेटवणाऱ्या टोपीचा भडका बाजूला उडाला आणि त्यांचा उजवा अंगठा भाजला. पहाटे दोन ससे घेऊन आले ते अंगठ्याला खोबरेल तेलाची चिंधी गुंडाळूनच. एक चुलतभाऊ तापाने पडलेला, दुसरा मुंबईला. सोबत गेलेला माणूस परस्पर आपल्या वाडीत उतरून गेला होता. मी न्हाणीच्या चुलीत शेणी घालत होते. अण्णा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"बांगडो साफ करतंस मां तू?"

"करतंय."

"मगे ह्यो पण तसोच. ये गो."

तो तसा अजिबात नव्हता.

एका सशाचं मूत अण्णांनी वरच काढलं होतं. दुसऱ्याचं राहिलं होतं, ते माझ्याकडून करून घेतलं. पुढच्या पायांखाली धरून ससा उभा लोंबता ठेवायचा आणि अंगठा पोटावरून खाली दाबत न्यायचा. ही पहिली गोष्ट, सुरीला हात लावायच्या आधीची, कारण पुढे पोट फाडताना ती पिशवी फुटली तर मांसाला जो वास लागतो तो कुठल्याही वाटणाने जात नाही. धार माझ्या पायावर आली. अण्णा हसले नाहीत. त्याबद्दल मला ते अजून आवडतात.

मग ससा मागच्या पायांनी सुंभाने फणसाच्या फांदीला टांगला. आपल्याकडचा हा रानससा पाळीव सशासारखा गुबगुबीत नसतो. लांब, कडक, पायांत ताकद असलेला; मानेच्या मागे काळा डाग, जणू कुणी काजळाचं बोट पुसलंय. तो बिळात राहत नाही, गवतात नुसता खोलगट खड्डा करून बसतो. म्हणूनच त्याची पिल्लं जन्मतःच डोळे उघडी आणि अंगावर केस घेऊन येतात. हे अण्णांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. कसं कळलं होतं ते मी तेव्हा विचारलं नाही, आणि विचारायची गरज नव्हती हे पुढे दोन-तीन वर्षांनी समजलं.

सशाची कातडी कागदासारखी पातळ असते. बकऱ्याची सोलायला जोर लागतो. सशाची जोर लावला तर फाटते आणि केस मांसाला चिकटतात. चिकटलेला एकेक केस पुढे अर्धा तास खातो. म्हणून आधी जिथे चीर द्यायची तिथली लव ओल्या हाताने निपटून घ्यायची. मग मागच्या पायांच्या सांध्याभोवती गोल चीर, तिथून मांडीच्या आतल्या बाजूने शेपटीखालपर्यंत. आणि पातं वर, धार आभाळाकडे. टोक कातडीखाली सरकवायचं आणि आतून बाहेर कापायचं, म्हणजे केस तुटत नाहीत, बाजूला होतात. अण्णा दोन पावलांवर उकिडवे बसून नुसते सांगत होते. "सुरी कमी, बोटा जास्त." कातडी आणि मांस यांच्यामध्ये बोटं सरकतात तेव्हा एक बारीक आवाज येतो, ओल्या कागदाचे दोन ताव सुटे करताना येतो तसा. मांड्या सुटल्या की मग ओढायचं. सगळी कातडी उलटी होत खाली येते, पुढचे पाय बाहीतून हात निघावेत तसे निघतात. आंघोळीआधी लहान मुलाची बंडी डोक्यावरून काढतो ना, तंतोतंत तशी. आई माझी काढायची, मी धाकट्या भावाची काढायचे. हात वर कर, म्हणायचे त्याला.

हे करत असताना मनगटावरून काहीतरी चाललं. गोचीड. मग दुसरी. सशाच्या कानामागून निघून माझ्या हातावर चढत होत्या, अगदी सावकाश, घाई नसल्यासारख्या. मी किंचाळले. अण्णांनी चुलीतलं जळतं कोलीत आणून एकेक टिपली.

"गोचडीक आधी कळता, जीव गेलो तो."

अंग थंड व्हायला लागलं की ती उतरते आणि पुढचं ऊबदार अंग शोधते. पुढे २०१६ च्या सुमारास दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला, काजूच्या बागांत काम करणारी माणसं आजारी पडू लागली, तेव्हा मला पहिल्यांदा ती सकाळ आठवली आणि अंगावर काटा आला. हा ताप गोचिडीतून येतो. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला, तोही माकडं मरायला लागली म्हणून. आम्ही मात्र उघड्या हातांनी, उघड्या पायांनी, नुसत्या कोलताच्या भरवशावर. आज कुणी माझ्यासमोर रानातल्या मेलेल्या जनावराला उघडा हात लावला तर मी ओरडेन.

पोट फाडायचं ते मासा फाडतात तसं नाही. माशाच्या पोटात विळी सरळ जाते. इथे डाव्या हाताची दोन बोटं आधी आत घालायची, पोटाची भिंत उचलून धरायची आणि त्या दोन बोटांच्या मधून पातं वर सरकवायचं, म्हणजे टोक आतड्यांना लागत नाही. माझी बोटं लहान होती, ते काम नीट झालं. आणि तिथे मला कळलं की हा बांगडा नाही.

बांगडा गार असतो. हे ऊबदार होतं.

डिसेंबरातली पहाट, सड्यावरून गार वारा उतरत होता, माझी बोटं पाण्याने आखडली होती, आणि ती ऊब मला बरी वाटली. हात बाहेर काढावासा वाटेना. तो क्षणच असेल, फार तर दोन. मला स्वतःची लाज वाटली, पण हात तिथेच राहिला. रक्ताची किळस मला कधी आली नाही, माशांमध्ये वाढलेल्या मुलीला ती येत नाही. मला अजून बोचतं ते एवढंच, की बरं वाटलं.

आतून जे बाहेर आलं त्यात सगळ्यात मोठी होती एक करडी-हिरवट पिशवी, वळ्या पडलेली. मला वाटलं हेच पोट. नव्हे. ते अंधांत्र, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी, आपल्यात नावापुरती असते ती. सशाला गवतातून सत्त्व काढायला ते एवढं मोठं लागतं, आणि तिथे तयार झालेल्या मऊ लेंड्या तो पुन्हा खातो, म्हणजे एकच घास दोनदा पोटातून फिरवतो. खरं पोट त्याच्यापेक्षा लहान, वर, बरगड्यांशी. अण्णांनी ते डाव्या हाताने चिरून दाखवलं. आत बारीक चावलेला हिरवा चोथा, त्यात अर्धवट राहिलेलं एक तीन दलांचं पान. कुळथाचं.

आजी त्या न आखलेल्या रेषेच्या अलीकडे, खळ्याच्या कडेला उभी होती. मला तिथे बघून ती काही बोलली नव्हती. ते पान बघून बोलली, "आपलोच कुळीथ आपल्या घराक परत इलो."

ती हे हसून म्हणाली की कसं, मला आठवत नाही. मला हवं तसं मी आठवते.

पित्ताचं मला सांगावं लागलं नाही. कलेजीला चिकटलेली ती हिरवी थेंबाएवढी पिशवी मी माशांत ओळखत होते. ती ओढायची नाही, तिच्याभोवतीचा कलेजीचा तुकडाच तिच्यासकट कापून टाकायचा. त्यावर अण्णा पहिल्यांदा "हां" म्हणाले. मग छातीचा पडदा फाडायचा, फुप्फुसं आणि काळीज ओढून काढायचं, आत साठलेलं रक्त ओतून द्यायचं. शेवटी छरे. छरा आत जाताना लव घेऊन जातो, म्हणून जिथे काळंनिळं झालंय तिथे सुरीचं टोक घालून आधी लवेची गुठळी शोधायची, छरा तिच्या तळाशी मिळतो. मी अकरा काढले. बारावा आजोबांच्या दाढेला सापडला.

दोन-अडीच किलोचं जनावर. कातडी-आतडी, डोकं, पंजे गेले की हातात निम्मं उरतं. सशाच्या कातडीची कुणाला किंमत नव्हती. अण्णांनी एकदा राख-मीठ चोळून मांगराच्या भिंतीला ठोकली होती, ती चार दिवसांत टरकली आणि पाचव्या दिवशी कुत्र्यांनी नेली.

सगळ्याच शिकारी अशा सोलत नाहीत. रानडुकराची कातडी काढत नाहीत, तो आगीवर होरपळवून कोयत्याने खरडतात, कारण कातडीसकट खायचा असतो. रानकोंबडा गरम पाण्यात बुडवून पिसं उपटण्यापेक्षा पिसांसकट सोललेला बरा. त्याच्या गळ्यातली पिशवी फोडली की कधी भाताचे दाणे, कधी गवताचं बी, कधी वाळवीसुद्धा; आणि पेटा चिरला की आत खडे, घासून गुळगुळीत झालेले. साळिंदर मी पाहिलं ते एकदाच, आणि ते साफ करणं बघत उभी राहिले नाही.

वाटे मात्र सगळ्यांचे सारखेच व्हायचे. बंदूकवाल्याला जास्त, बॅटरीवाल्याला एक, हाकाऱ्याला गेलेल्या प्रत्येकाला एक, आणि योगायोगाने तिथून जाणाऱ्यालाही काहीतरी. वाटे सागाच्या पानांवर मांडायचे. सागाचं कोवळं पान चुरलं की हात लाल होतो. त्या सकाळी माझे हात सागाने किती आणि सशाने किती लाल झाले ते सांगता येत नव्हतं. मी दोन्ही चिंचेने घासले आणि दोन्हीही नखांत राहिले. शाळेत बाईंनी विचारलं तर मी साग म्हणाले.

माझाही वाटा पडला होता. वेगळा, छोट्या पानावर. आजीने तो उचलून सगळ्यांच्या भांड्यात टाकला. "भायर. भांडा पण भायरची." शिकार घरच्या चुलीवर शिजत नसे. मांगराच्या मागे तीन चिऱ्यांची चूल, काळं पडलेलं टोप, भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचं वाटण, आणि रांधणारे अण्णा. सशाचं मांस काळसर, चरबी जवळजवळ नाहीच, त्यामुळे घाई केली तर चिवट. आजी ते खायची नाही, पण मीठ बरोबर आहे का हे लांबूनच वासावर सांगायची आणि तिचं चुकायचं नाही.

रात्री खळ्यात गप्पा बसल्या. बॅटरीच्या उजेडात दोन ठिणग्या कशा दिसल्या, किती पावलांवरून बार टाकला (तासातासाला पावलं वाढत होती), टोपीचा भडका कसा उडाला. ससा ताटात येईपर्यंत मधे जे झालं त्यातलं एक अक्षर नाही. असल्या गप्पा मी पुढे पुष्कळ ऐकल्या आणि त्या सगळ्या बार उडाला की संपतात. मी ते मनाला लावून घेतलं नाही, मासे साफ करणारीच्याही गोष्टी कुणी सांगत नाही. फक्त त्यानंतर मला त्या गप्पा पोकळ वाटू लागल्या. ज्याने आत हात घातला नाही त्याला सशाबद्दल काय माहीत, असं बारा वर्षांच्या मुलीला वाटायचं. आज मी एवढं ठामपणे म्हणणार नाही. अण्णांनी दोन्ही केलं होतं, तरी बोलायचे ते बार उडवल्याबद्दलच.

तो सगळा प्रकार कायद्याला धरून होता का? नव्हता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तेव्हा शिकारीचे वेगवेगळे परवाने होते, ससा 'लहान शिकारी'त मोडायचा आणि तिला वेगळा परवाना लागायचा. अण्णांकडे होता तो पिकाचा. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे ते परवानेच गेले आणि ससा मारणं सरसकट बंद झालं. ते योग्य झालं असं मला वाटतं, आणि हे मी अण्णांच्या तोंडावर बोललेय. ते म्हणाले, "ससे वाढले काय मगे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या सड्यावर आता आंब्याच्या कलमांची कुंपणं आहेत, मातीच्या तुकड्यांत कुळीथ कुणी टाकत नाही, आणि चिरेखाणींनी कातळ कापून नेलाय. बंदूक काही वर्षं दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि परत यायची. एका निवडणुकीनंतर अण्णा ती आणायला गेलेच नाहीत.

मध्यंतरी राजापूर तालुक्यातल्या कशेळीला कातळशिल्पं बघायला गेलो होतो. २०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली आणि तेव्हापासून आमच्या नात्यातल्या प्रत्येकाला सड्यात रस निर्माण झालाय. कशेळीला कातळावर एक भलाथोरला हत्ती कोरलाय आणि त्याच्या रेषेच्या आत दुसरे कितीतरी प्राणी. अभ्यासक सांगतात की या शिल्पांत शेतीची चित्रं दिसत नाहीत, म्हणजे कोरणारे शिकारीवर आणि गोळा करण्यावर जगत असावेत. आमच्या कणकवलीकडच्या कोळोशीच्या गुहेतही दगडी हत्यारं सापडली आहेत. बरोबरचे लोक विचारत होते, पोटात प्राणी का? कुणी म्हणालं गर्भ, कुणी म्हणालं देव. मला काहीच गूढ वाटलं नाही. ज्याने जनावर उघडलंय त्याला आत काय असतं ते बघायची सवय असते, आणि बाहेरची रेष काढून झाल्यावर त्याचा हात आपोआप आत जाणार. हा माझा अंदाज. त्याला शास्त्राचा आधार नाही, फणसाखालच्या एका सकाळचा आहे.

आता मी डोंबिवलीला असते. रविवारी कोंबडीच्या दुकानात रांगेत उभी असते तेव्हा तो पोरगा ब्रॉयलरची कातडी पिसांसकट काढतो. मोजून पाहिलंय, वीस सेकंद. बंडीच. पण त्याच्या हाताला आता ऊब जाणवत नसणार, दिवसाला इतक्या कोंबड्या करतो तो. कातडी निळ्या पिंपात जाते. मी पैसे देते आणि कांदे घ्यायला जाते.

गेल्या मार्गशीर्षात गावी गेले होते. पहाटे लवकर निघून तळेऱ्याची गाडी पकडायची होती, म्हणून रिक्षा सांगितली होती. सड्यावरच्या रस्त्यावर वळणापाशी रिक्षावाल्याने ब्रेक मारला. रस्त्याच्या मधोमध ससा. कुठल्यातरी गाडीने उडवलेला, अंगावर जखम नव्हती, फक्त तोंडापाशी थोडं रक्त. मेलेलं रानवट जनावर सरकारी मालमत्ता असतं, ते घरी न्यायचं नसतं, हे मला माहीत होतं आणि न्यायचंही नव्हतं. नुसता बाजूला करावा, नाहीतर उजाडेपर्यंत डांबरात मिसळून जाईल. मी पिशवीतली प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळली आणि त्याला उचललं. मानेवरचा काळा डाग हेडलाइटमध्ये स्वच्छ दिसला.

करवंदीच्या जाळीपर्यंत सात-आठ पावलं असतील. तिथे पोचेपर्यंत मी त्याला पुढच्या पायांखाली धरून उभा लोंबता केला होता आणि दुसऱ्या हाताचा अंगठा पोटावरून खाली दाबत नेला होता. धार गवतावर पडली. मी ते करतेय हे मला धारेचा आवाज आला तेव्हा कळलं.

रिक्षावाला म्हणाला, "ताई, काय करतास?"

मी ससा जाळीखाली ठेवला, पिशवी उलटी करून गाठ मारली. गाडी मिळाली. कणकवली स्टेशनवर बसून अण्णांना फोन केला. ते आता ब्याऐंशीचे आहेत, ऐकायला कमी येतं, त्यामुळे फलाटावरच्या सगळ्यांनी ऐकलं.

"पोट फुगलेला काय?"

"नाय."

"गोचडी उतरलले?"

"बघूक नाय, अण्णा. काळोख होतो."

"नर काय मादी?"

"ता पण नाय बघूक."

ते जरा थांबले. "मूत काढलंस मां पण?"

"काढलंय," मी म्हटलं.

"हां," अण्णा म्हणाले, आणि मग गाडी किती वाजता आहे ते विचारलं.